एनआयडब्ल्यू : इंजिनिअरचं घोडं "नॅशनल इम्पॉर्टन्स"वर नेमकं कुठं अडतं?

रिलेरूम

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले, आज बसलोच. गेल्या महिन्यात माझं आय-१४०, म्हणजे अमेरिकेच्या ग्रीन कार्डसाठीची पिटिशन, अप्रूव्ह झालं, ईबी-२ (उच्चशिक्षितांचा वर्ग) एनआयडब्ल्यू, म्हणजे नॅशनल इंटरेस्ट वेव्हर, काम देशहिताचं म्हणून एम्प्लॉयरची अट माफ, स्वतःचं स्वतः फाईल केलेलं. पण ही दुसरी खेप. पहिली पिटिशन २०२३ मध्ये टाकली होती, तिला आरएफई (अजून पुरावा द्या अशी मागणी) आला, उत्तर दिलं, तरी डिनाय झाली. दोन्ही वेळा माणूस मीच, डिग्री तीच, नोकरीसुद्धा तीच. तरी एकदा नाही आणि एकदा हो, ते का, हे इथं सगळं मांडून ठेवतो, कारण दोन आठवड्यांत सात-आठ जणांनी व्यनितून एकच प्रश्न विचारलाय, की नॅशनल इम्पॉर्टन्स दाखवायचं कसं.

आधी मी काय करतो ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. मी प्रोटेक्शन इंजिनिअर. सांगलीतून इलेक्ट्रिकल बीई, मग चार वर्षं महाराष्ट्रभर सबस्टेशनं हिंडून रिले टेस्टिंग, मग इथं एमएस आणि आता ओहायोत कन्सल्टिंग. लाईनवर फॉल्ट झाला, म्हणजे झाड टेकलं, वीज पडली, इन्सुलेटर फुटला, की तेवढाच तुकडा काही सायकलमध्ये तोडायचा आणि बाकीची ग्रिड चालू ठेवायची हे रिलेचं काम, आणि रिलेनं कधी हलायचं नि कधी गप्प बसायचं ते आकडे आम्ही ठरवतो. आकडा चुकला तर काय होतं ते दोन्ही देशांनी बघितलंय. १४ ऑगस्ट २००३ ला ओहायोतली सॅमिस-स्टार ही ३४५ केव्हीची लाईन झोन ३ रिलेनं (लांबच्या फॉल्टसाठी ठेवलेला राखीव रिले) तोडली, फॉल्ट नसताना, नुसत्या ओव्हरलोडवर, आणि तिथून पुढं ब्लॅकआऊट पसरत गेला, जवळपास ५ कोटी लोक अंधारात. आणि जुलै २०१२ मध्ये आपल्याकडं नॉर्दर्न ग्रिड गेली तेव्हा बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाईन गेली ती पण झोन ३ वरच, लोड एन्क्रोचमेंट, म्हणजे जास्तीचा लोडच रिलेला फॉल्ट वाटला. नऊ वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, तीच चूक. हे मी पहिल्या पिटिशनमध्ये चार पानं लिहिलं होतं आणि मला वाटलं होतं की झालं, याहून मोठं राष्ट्रीय महत्त्व ते काय असणार.

ती पिटिशन ४० पानांची होती. त्यातली २५ पानं अमेरिकेची ग्रिड किती महत्त्वाची यावर. नंतर माझा रेझ्युमे, आणि सहा लेटर्स, सगळ्यांत हा फार हुशार इंजिनिअर आहे, मेहनती आहे, कंपनीला याच्याशिवाय जड जाईल वगैरे. आरएफईचा कागद आजही ड्रॉवरमध्ये आहे, दोन ओळींवर पिवळा हायलायटर मारलाय. त्याचं सार एवढंच, की ग्रिडचं महत्त्व आम्हाला मान्यच आहे, प्रश्न ग्रिडचा नाही, तुम्ही स्वतः पुढं काय करणार आहात त्याचा आहे, आणि त्याचा परिणाम तुमची कंपनी आणि तिचे क्लायंट यांच्या पलीकडं जातो असं या कागदांत दिसत नाही. तेव्हा मला राग आला होता. आता वाचतो तेव्हा कळतं की अधिकाऱ्यानं मला उत्तर कसं द्यायचं तेच सांगितलं होतं. मी काय केलं, अजून चार लेटर्स जोडली, आणि ग्रिडवरचे अजून तीन रिपोर्ट.

डिनायल आल्यावर मी एकच गोष्ट केली, धनासरची केस मुळातून वाचली. २७ डिसेंबर २०१६ चा निर्णय आहे, फार मोठा नाही, एका संध्याकाळी वाचून होतो, आणि आजची तीन प्राँगची टेस्ट तिथूनच आली: काम गुणाचं आणि राष्ट्रीय महत्त्वाचं आहे का, ते पुढं न्यायला तुम्ही योग्य जागी आहात का, आणि एकूण हिशोबात जॉब ऑफर आणि लेबर सर्टिफिकेशनची (या कामाला इथं माणसं कमी आहेत का याची सरकारी तपासणी) अट सोडण्यात देशाचा फायदा आहे का. सगळे हे तीन मुद्दे पाठ करतात. पण त्या केसमधली खरी शिकवण मला दुसरीकडं सापडली. अर्जदार स्वतः इंजिनिअर होता, नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी युनिव्हर्सिटीत हायपरसॉनिक प्रोपल्शनवर संशोधन करायचा आणि शिकवायचाही. निर्णय देणाऱ्यांनी संशोधन राष्ट्रीय महत्त्वाचं मानलं. शिकवण्याबद्दल म्हणाले की काम गुणाचं आहे यात वाद नाही, पण त्याचा परिणाम त्या क्षेत्रातल्या शिक्षणावर व्यापकपणे होईल असं दाखवलेलं नाही, म्हणून राष्ट्रीय महत्त्व नाही. बघा, एकच माणूस, एकच विषय, एकच युनिव्हर्सिटी, आणि एक काम पास नि एक नापास. म्हणजे महत्त्व माणसाला नाही आणि विषयालाही नाही, तुमचं काम तुमच्या टेबलावरून उठून दुसऱ्यांच्या टेबलावर कसं पोचतं त्याला आहे. माझ्या पहिल्या ४० पानांत हे एकदाही नव्हतं.

दुसऱ्या खेपेला काय लिहिलं ते खाली सांगतो, ऑफिसला निघायचंय.

पुलावरचा

रिलेरूम, फार चांगला धागा. मी न्यू जर्सीत, आता रिटायर झालो, आयुष्यभर पुलांची स्ट्रक्चरल डिझाइन्स केली. तुम्ही धनासरपासून सुरुवात केलीत, त्याच्या आधीचं थोडं सांगतो कारण ते इंजिनिअरांच्या फार जिव्हाळ्याचं आहे. १९९८ पासून २०१६ पर्यंत जी टेस्ट चालायची ती न्यूयॉर्क स्टेट डिपार्टमेंट ऑफ ट्रान्सपोर्टेशनच्या केसमधून आली होती, आणि त्या केसमधला माणूस पुलांचाच इंजिनिअर होता. त्यात मान्य केलं होतं की पुलांचं काम गुणाचं आहे आणि राज्याचे पूल देशाच्या वाहतुकीला जोडलेले असल्यामुळं व्याप्तीही राष्ट्रीय आहे, आणि तरी नाकारलं, कारण लेबर सर्टिफिकेशन केल्यानं देशाचं नुकसान होईल हे दाखवता आलं नव्हतं. आम्ही पूलवाल्यांनी त्या काळी हे वाचून आशाच सोडली होती, माझं ग्रीन कार्ड नेहमीच्या एम्प्लॉयरच्या रस्त्यानंच झालं. धनासरनं ती जुनी टेस्ट रद्द केली ते बरं झालं, पण एक जागा नकळत अवघडही झाली. पूर्वी पूल राष्ट्रीय जाळ्याचा भाग आहे म्हटलं की दुसरा मुद्दा निघून जायचा. आता पूल कितीही मोठा असो, तुमच्या कामाचा पुढचा परिणाम विचारतात.

आणि एक सांगतो. २००७ च्या १ ऑगस्टला मिनियापोलिसचा आय-३५डब्ल्यू पूल नदीत कोसळला, १३ माणसं गेली. कारण निघालं गसेट प्लेट्स (सांध्यावर तुळया जोडणारे पोलादी पत्रे), डिझाइनमध्येच जाडी निम्मी धरलेली. त्यानंतर देशभर गसेट प्लेट तपासायच्या पद्धती बदलल्या. तो पूल दुरुस्त करणारा इंजिनिअर आणि ती तपासण्याची पद्धत लिहून सगळ्या राज्यांच्या हाती देणारा इंजिनिअर, दोघेही चांगलेच, पण पहिला प्राँग दुसऱ्याचा सुटतो. तुमच्या टेबलावरून टेबलावर म्हणण्याचा अर्थ मला असा लागला.

रिलेरूम

काका, अगदी हेच. गसेट प्लेटचं उदाहरण मला सुचलं असतं तर माझी पाच पानं लिहायची वाचली असती.

ऋता_के

वाचतेय आणि काळजी वाढतेय 🙂 मी एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअर, पुण्यातून सिव्हिल, इथं मास्टर्स, आणि आता मिशिगनमध्ये छोट्या गावांच्या पाण्याच्या प्लांटची कामं करते. एका वेळी एक गाव. सध्या ज्या गावाचं काम चाललंय त्याची वस्ती चार हजार. आमच्या ओळखीच्या एकांनी सांगितलं की तुझं काम लोकल आहे, काउंटीच्या बाहेर कुणाला त्याचं काय पडलंय, तू यात पडू नकोस. मग मी खरंच पडू नये का? माझं काम मला फार महत्त्वाचं वाटतं हो, त्या गावातल्या बायका प्लांटवर येऊन विचारतात की बाळाच्या दुधात हे पाणी घालू का, आणि मी हो म्हणेपर्यंत दोन वर्षं जातात.

रिलेरूम

ऋताताई, पडा. धनासरमध्ये स्पष्ट आहे की नुसती भौगोलिक व्याप्ती बघायची नाही. एका छोट्या भागातलं काम सुद्धा राष्ट्रीय महत्त्वाचं असू शकतं, म्हणजे एखाद्या मागास भागात बऱ्याच नोकऱ्या तयार होत असतील, किंवा त्या क्षेत्रावर त्याचा व्यापक परिणाम होत असेल. उलट पन्नास राज्यांत फिरून नेहमीचंच काम करणाऱ्याला मिळेलच असं नाही. तेव्हा काउंटी की देश हा प्रश्न बाजूला ठेवा. चार हजाराच्या गावात जे शिकलात त्याचं पुढं काय करणार आहात ते सांगा. तुम्ही नेमकं काय काढता पाण्यातून?

ऋता_के

पीएफएएस, म्हणजे सहज न विघटणारी रसायनं. ग्रॅन्युलर ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि आयन एक्सचेंज रेझिन, यातलं कुठलं वापरायचं आणि किती दिवसांनी बदलायचं ते ठरवायचं. एप्रिल २०२४ मध्ये ईपीएनं (अमेरिकेचं पर्यावरण खातं) पीएफओए आणि पीएफओएस या त्यातल्या दोन्हींसाठी ४ पार्ट्स पर ट्रिलियन अशी मर्यादा आणली तेव्हापासून कामाला श्वास नाही. अवघड भाग असा की कार्बनचा बेड (पाणी ज्यातून गाळतात तो थर) किती टिकेल हे गावागावाच्या पाण्यावर ठरतं, पाण्यात नैसर्गिक सेंद्रिय पदार्थ जास्त असले की ते कार्बनवरची जागा अडवतात आणि बेड लवकर संपतो, आणि शॉर्ट चेनवाले पीएफएएस तर लाँग चेनच्या कितीतरी आधी बाहेर येतात. मोठं शहर पायलट प्लांट लावून सहा महिने बघू शकतं. चार हजाराच्या गावाकडं तेवढे पैसे नसतात, मग ते व्हेंडर सांगेल ते घेतात. मी लहान कॉलम लावून, थोडं पाणी घेऊन, काही आठवड्यांत अंदाज काढते आणि तो नंतर खऱ्या बेडशी ताडून बघते. तीन गावांचा डेटा आहे माझ्याकडं, तिन्ही ठिकाणी अंदाज बराच जवळ आलाय.

रिलेरूम

ताई, तुमचं एन्डेव्हर, म्हणजे पुढं करायचं नेमकं काम, तुम्ही आत्ताच लिहिलंत. याच्या पुढंच लिहितो, सगळ्यांना उपयोगी पडेल.

मी दुसऱ्या पिटिशनमध्ये काय बदललं ते असं. सगळ्यात आधी "आय विल कंटिन्यू टू वर्क ॲज अ प्रोटेक्शन इंजिनिअर" हे वाक्य काढलं. ते एन्डेव्हर नाही, तो व्यवसाय आहे. त्याऐवजी एकच गोष्ट घेतली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात ब्लू कट फायर लागली, त्या धुरानं आणि ज्वाळांनी ट्रान्समिशन लाईनवर फॉल्ट झाले, आणि फॉल्ट नीट क्लिअर होऊनसुद्धा सुमारे १,२०० मेगावॉट सोलार एकदम गेलं. फॉल्टच्या क्षणी व्होल्टेजच्या लाटेनं उडी मारली, इन्व्हर्टरनं (सोलारची वीज ग्रिडला जोडणारं यंत्र) त्या उडीवरून फ्रिक्वेन्सी ५७ हर्ट्झच्या खाली गेली असं समजून लगेच ट्रिप केलं, खरी फ्रिक्वेन्सी ५९.८ च्याही खाली गेली नव्हती. बाकीच्यांनी व्होल्टेज कमी दिसताच करंट देणंच थांबवलं. मग टेक्सासात ओडेसाजवळ ९ मे २०२१ ला परत, आणि ४ जून २०२२ ला परत, त्या वेळी एकूण २,५०० मेगावॉटच्या वर. ऑक्टोबर २०२३ मध्ये फर्कनं (केंद्रीय ऊर्जा नियामक) ऑर्डर ९०१ काढून नर्कला (ग्रिडची स्टँडर्ड्स बनवणारी संस्था) सांगितलं की अशा इन्व्हर्टरवाल्या प्लांटसाठी रिलायबिलिटी स्टँडर्ड्स तयार करा.

माझ्याकडं असेच रेकॉर्ड येतात. रात्री प्लांट ट्रिप होतो, सकाळी कॉमट्रेड फाईल (फॉल्टच्या लाटांची नोंद) येते, उघडली की तीन फेजच्या तीन लाटा. पहिले काही सायकल साधे सरळ, मग एका फेजची लाट बसते, आणि अगदी त्या वळणावर एक छोटा काटा, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा. सगळा प्लांट त्या काट्यावर गेलेला असतो. लाईनचा रिले बरोबर, इन्व्हर्टर त्याच्या सेटिंगप्रमाणं बरोबर, आणि दोघं एकमेकांना न विचारता काम करतात म्हणून घोळ. मी असे रेकॉर्ड वापरून लाईनचे रिले आणि इन्व्हर्टरची सेटिंग्ज एकत्र तपासायची एक पद्धत बसवली. मोठ्या युटिलिटीकडं यासाठी टीम असते. पण या देशात जवळपास ९०० इलेक्ट्रिक को-ऑप्स (सहकारी वीज संस्था) आहेत, त्यातल्या कितीतरी ठिकाणी प्रोटेक्शन बघायला एखादाच माणूस, आणि सोलार त्यांच्याच शेतांत उभं राहतंय. माझं एन्डेव्हर: ही तपासणी अशा छोट्या युटिलिटीजना महागड्या सॉफ्टवेअरशिवाय स्वतः करता येईल अशा स्वरूपात पूर्ण करणं, उघडपणे प्रसिद्ध करणं, आणि त्यांच्या इंजिनिअरांना शिकवणं. एवढंच. ग्रिड वाचवणार वगैरे काही नाही.

आणि मग प्रत्येक वाक्यामागं कागद. अडचण खरी आहे याला नर्कचे रिपोर्ट आणि फर्कची ऑर्डर. पद्धत माझी आहे याला स्पोकेनच्या वेस्टर्न प्रोटेक्टिव्ह रिले कॉन्फरन्समधला माझा पेपर. आणि ती टेबलावरून उठलीय याला दोन को-ऑप आणि एका युटिलिटीची पत्रं, ज्यांच्याशी माझ्या कंपनीचा काही संबंध नाही. पहिल्या वेळी २५ पानं ग्रिडवर होती, या वेळी तीन.

कोड_आणि_कॉफी

दादा माझं सांगा ना प्लीज, मी सॉफ्टवेअर, बँकेच्या फ्रॉड डिटेक्शन टीममध्ये आहे, मशीन लर्निंग मॉडेल्स. क्रिटिकल अँड इमर्जिंग टेक्नॉलॉजीजच्या यादीत एआय आहे असं वाचलं, आणि फ्रॉड तर देशभर होतोय, मग माझा पहिला प्राँग आपोआप होतो ना? एका कन्सल्टंटनं पण हेच सांगितलं.

मंजिरी_पॅरालीगल

नाही, आपोआप काही होत नाही. मी बारा वर्षं इमिग्रेशन फर्ममध्ये पॅरालीगल आहे, ॲटर्नी नाही, त्यामुळं हा कायदेशीर सल्ला धरू नका, पण एवढ्या फाईली हाताखालून गेल्यात की थोडं बोलते.

यादीचं असं, की २१ जानेवारी २०२२ ला इमिग्रेशन खात्याच्या पॉलिसी मॅन्युअलमध्ये स्टेमसाठी (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) जो भाग आला त्यात अशा तंत्रज्ञानातल्या कामाला वजन द्यायला सांगितलंय, पण तुमचं काम त्या तंत्रज्ञानाला पुढं नेणारं असेल तर. बँकेत मॉडेल ट्यून केलं, बँकेचा फ्रॉड कमी झाला, फायदा बँकेला आणि तिच्या ग्राहकांना. ग्राहक कोटभर असले तरी ते ग्राहकच. १५ जानेवारी २०२५ ला मॅन्युअल परत बदललं, त्यात तर तुमची डिग्री आणि तुमचं एन्डेव्हर यांचा संबंध पण नीट बघायला सांगितलाय. तुम्ही फ्रॉडचा असा काही प्रकार पकडायची पद्धत काढली असेल की जी दुसऱ्या बँका, क्रेडिट युनियन वापरू शकतील, आणि तुमच्या एम्प्लॉयरनं ती बाहेर नेऊ दिली, तर बोलू. बँकेच्या मालकीच्या कोडवर तुमचं एन्डेव्हर उभं करू नका, पहिलाच प्रश्न तो येईल की हे तुम्ही बँकेशिवाय करणार कसं.

अजून दोन गोष्टी ज्या मी रोज बघते. एक म्हणजे इंजिनिअर लोक पहिल्या प्राँगमध्ये स्वतःचं कौतुक लिहितात, किती अवॉर्ड, किती सायटेशन, किती वर्षं. ते सगळं दुसऱ्या प्राँगचं सामान आहे. पहिल्यात माणूस नाही, काम, आणि तेही पुढचं. दुसरं म्हणजे देशात इंजिनिअर कमी आहेत हा मुद्दा. हा इतक्या पिटिशनमध्ये असतो आणि चालत नाही, कारण माणसं कमी आहेत का हे बघायलाच तर लेबर सर्टिफिकेशन आहे. तुम्ही तीच अट माफ करा म्हणताय आणि कारण तेच देताय.

आणि रिलेरूम यांच्या पहिल्या वेळचं एक सांगायला हवं, आरएफई आल्यावर एन्डेव्हर बदलून नवं लिहिता येत नाही. फाईल केलं त्या दिवशी जे होतं त्यावरच निकाल होतो. अधिक तपशील द्या, पुरावा द्या, पण कामच बदललं तर ते मटेरियल चेंज धरतात. आरएफईला साधारण ८४ दिवस मिळतात आणि लोकांना वाटतं की वेळ आहे, बघू तेव्हा. पाया आधीच भरायचा असतो. पायाच चुकला असेल तर कधीकधी नवीन पिटिशन टाकणं हाच सरळ रस्ता, आधीच्या डिनायलमुळं नवीन टाकायला बंदी नसते.

रांगेतला_२०१५

सगळं ठीक आहे पण एक कडू बोलू का. भारतात जन्मलेल्यांना ईबी-२ ची रांग दहा वर्षांहून जास्त मागं आहे, देशागणिक ७ टक्क्यांची मर्यादा, एनआयडब्ल्यू घ्या नाहीतर पर्म (एम्प्लॉयरमार्फत लेबर सर्टिफिकेशन) घ्या, रांग तीच. मग एवढा जीव कशाला काढायचा? माझी प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) २०१५ ची आहे, मुलगी तेव्हा सातवीत होती, आता ती एकवीस ओलांडून माझ्या अर्जातून बाहेर गेली. राग कुणावर काढू कळत नाही, म्हणून इथं लिहितोय.

रिलेरूम

दादा, तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही आणि उगाच काहीतरी बोलणार नाही.

फक्त ज्यांची अजून काहीच डेट नाही त्यांच्यासाठी सांगतो. रांग कमी होत नाही हे खरं. पण पर्मवर पकड एम्प्लॉयरची, ले-ऑफ आला, कंपनीनं पर्म थांबवलं, की परत शून्यापासून. एनआयडब्ल्यूची पिटिशन तुमची. अप्रूव्ह झाली की तिची डेट पुढच्या ईबी-१, ईबी-२, ईबी-३ पिटिशनला पण लागते. एच-१ (कामाचा व्हिसा) ची सहा वर्षं संपल्यावर तीन-तीन वर्षांचं एक्सटेन्शन मिळतं, आणि एच-४ वर असलेल्या जोडीदाराला ईएडी (काम करायची परवानगी), तो नियम २०१५ पासून आहे. आमच्या घरात हाच मुद्दा होता. बायको आर्किटेक्ट, सहा वर्षं घरी बसलीय. तिच्या ईएडीचा अर्ज भरला तेव्हा तिनं आधी जुना टी-स्क्वेअर काढून पुसला. आता लागत पण नाही तो, सगळं कॉम्प्युटरवर.

कोड_आणि_कॉफी

मंजिरीताई धन्यवाद. तो कन्सल्टंट म्हणतो की लेटर्स तोच लिहून देणार, सही करायला प्रोफेसर पण त्याच्याकडं आहेत, आणि दोन पेपर सहा आठवड्यांत छापून मिळतील. पॅकेज आहे. असं घेऊ का, सगळे घेतायत म्हणे?

मंजिरी_पॅरालीगल

घेऊ नका. हात जोडून सांगते. ज्या प्रोफेसरनं तुमचं काम कधी बघितलं नाही त्यानं बघितलं म्हणून सही करायची, हे खोटं विधान आहे आणि खाली सही तुमची आहे. जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असं ठरलं तर तो डाग कायमचा राहतो, पुढं लग्नाच्या आधारावर अर्ज केला तरी तो आडवा येतो. आणि तशीही ती लेटर्स ओळखू येतात, चार वेगवेगळ्या माणसांची पत्रं आणि चारींत तेच विशेषण त्याच जागी.

पुलावरचा

मंजिरीताईंना पूर्ण अनुमोदन. बाळा, डिनायल आलं तर परत भरता येतं. हे निस्तरता येत नाही.

कोड_आणि_कॉफी

कळलं काका. त्याला नाही म्हणून मेसेज केला आत्ताच. थोडं थांबतो, टीममध्ये एक ओपन सोर्सचं काम सुरू करायची मॅनेजरकडं परवानगी मागतोय, ते खरंच झालं तर मग बघू.

ऋता_के

लेटर्सबद्दल विचारायचंच होतं. मी कुणाकडं मागू? मला मागायलाच लाज वाटते.

रिलेरूम

लाज वाटणारच, मलाही वाटली. माझं सगळ्यात उपयोगी पडलेलं पत्र इंडियानातल्या एका को-ऑपच्या इंजिनिअरचं आहे, साठीच्या आसपासचे गृहस्थ, पीएचडी नाही, प्रोफेसर नाही, सव्वा पानाचं पत्र. कॉन्फरन्सनंतर त्यांनी माझी स्प्रेडशीट मागून घेतली होती, मी पाठवली आणि विसरून गेलो. वर्षभरानं फोन केला की वापरलीत का. म्हणाले, वापरली म्हणजे काय, तीन सोलार प्लांट तपासले, एका ठिकाणी इन्व्हर्टरचं ट्रिप सेटिंग आमच्या लाईनच्या फॉल्ट क्लिअरिंग टाइमपेक्षा कमी निघालं, ते बदलून घेतलं. मी म्हटलं हे जसं बोललात तसं लिहून द्याल का. त्यांनी तसंच दिलं, कुठली शीट, कुठल्या महिन्यात, काय सापडलं, काय बदललं, आणि शेजारच्या को-ऑपला पण त्यांनी ती दिलीय. त्यात मी हुशार आहे असं एकदाही लिहिलेलं नाही. पहिल्या पिटिशनची दहा लेटर्स एका पारड्यात आणि हे एक दुसऱ्यात.

तुम्ही त्या तीन गावांच्या प्लांट ऑपरेटरांना विचारा. आणि राज्याच्या ड्रिंकिंग वॉटर विभागातलं कुणी तुमचे रिझल्ट बघत असेल तर त्यांना नक्की विचारा, सरकारी खात्याला तुमच्या कामात रस आहे असं पत्र मॅन्युअलच्या दृष्टीनं वजनदार असतं. फक्त एक जपा, सगळा डोलारा ४ पार्ट्स पर ट्रिलियनच्या नियमावर उभा करू नका. नियम पुढं-मागं होतात, मुदती वाढतात. पाण्यात ते आहे आणि छोट्या गावांकडं तपासायला पैसे नाहीत, हे नियम बदलला तरी बदलत नाही.

ऋता_के

काल रात्री दोनपर्यंत बसून लिहिलं. मराठीतच टाकते इथं, आधी आपल्या भाषेत स्वच्छ झालं की इंग्रजीत नेईन. बघा हं:

"मी लहान कॉलमच्या चाचणीवरून कार्बन आणि रेझिनच्या बेडचं आयुष्य आधीच सांगण्याची पद्धत, दहा हजारांपेक्षा कमी वस्तीच्या पाणीपुरवठ्यांसाठी, वेगवेगळ्या प्रकारच्या पाण्यावर तपासून पूर्ण करणार आहे, आणि तिचा डेटा आणि वापरण्याची रीत सर्वांसाठी खुली करणार आहे, ज्यामुळे पायलट प्लांट न परवडणाऱ्या गावांना योग्य यंत्रणा निवडता येईल आणि अमेरिकेच्या जनतेचं आरोग्य सुधारेल."

पुलावरचा

शेवटचे पाच शब्द सोडले तर उत्तम.

रिलेरूम

काकांशी सहमत, "अमेरिकेच्या जनतेचं आरोग्य" काढा, तिथं अधिकारी थांबून विचारेल की दाखवा. "योग्य यंत्रणा निवडता येईल" इथं पूर्णविराम. त्याच्या पुढं वेगळ्या परिच्छेदात लिहा की देशात जवळपास ५०,००० कम्युनिटी वॉटर सिस्टिम आहेत आणि त्यातल्या बहुतेक छोट्या, ते कागदानं दाखवता येतं. आणि "वेगवेगळ्या प्रकारच्या पाण्यावर" म्हणजे किती आणि कुठलं? आत्ता तीन गावं आहेत. पुढची कुठली, कुणाशी बोलणं झालंय, कधी सुरू, ते हवं.

ऋता_के

दोन ठिकाणी बोलणं झालंय, एक विस्कॉन्सिनमध्ये, विहिरीचं पाणी, आणि एक ओहायोत, नदीचं, सेंद्रिय पदार्थ भरपूर. विस्कॉन्सिनवाल्या ऑपरेटरनं परवाच विचारलं होतं की तुझी पेटी कधी पाठवतेस. मी म्हटलं होतं बघू.

मंजिरी_पॅरालीगल

तो ईमेल जपून ठेवा, एक्झिबिटमध्ये लागेल. आणि त्याला आजच उत्तर द्या, बघू म्हणून ठेवू नका.

ऋता_के

दिलं. पेटी सोमवारी जातेय. त्यानं लगेच उलट विचारलंय की शेजारच्या गावाचं पण पाणी भरून देऊ का.